आधी धोका, मग बोंडअळी

माझ्या पिढीला सरकारने दोन गोष्टी नेमाने पुरवल्या. एक भीती आणि दुसरी शेतीविषयक माहिती. रेशनवरची साखर कधी यायची, कधी यायची नाही, रॉकेलच्या रांगेत अख्खी दुपार जायची. पण या दोन गोष्टींचा तुटवडा कधी जाणवला नाही. दोन्ही दूरदर्शनवरून घरपोच मिळायच्या, त्याही पाठोपाठ. आधी सावध करणारी छोटी फिल्म, म्हणजे गॅसचा वास, ओढलेली काडी आणि काळा पडदा. तो उजळतोय तोवर कपाशीवरची बोंडअळी.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीहून आमच्या डोंबिवलीच्या घरात पोचायला त्याला दहा वर्षं लागली. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, रंगीत टीव्ही आला आणि हौशी लोकांनी आपापले कृष्णधवल संच विकायला काढले. त्यातला एक बाबांनी घेतला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं आणि दारांना कुलूप. किल्ली आजीच्या कमरेला. कुलूप लावून ठेवावी अशी घरात तेवढी एकच वस्तू होती, त्यामुळे आजीलाही बरं वाटलं.

'साप्ताहिकी' नावाच्या कार्यक्रमात पुढच्या आठवड्यात काय दाखवणार ते आगाऊ सांगत. शनिवारचा मराठी चित्रपट कळायचा, रविवारचा हिंदी कळायचा, नाटक कुठलं तेही कळायचं. गॅस केव्हा भडकणार हे मात्र गुलदस्त्यात. माझी अशी ठाम समजूत होती की वरळीला एक अधिकारी बसलेला असतो. कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला, की तो कपाटातून एक डबा काढतो आणि म्हणतो, "चला, मुलांना जरा घाबरवू या."

त्या छोट्या फिल्मची घडण ठरलेली असे. सुरुवातीला एक सुखी कुटुंब. इतकं सुखी, की आता यांचं काहीतरी होणार हे लगेच कळावं. आई हसत भाजी चिरतेय, वडील हसत पेपर वाचताहेत, मुलगा हसत पतंग उडवतोय. आमच्या घरात तीन माणसं एका वेळी हसल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे आपल्याला फारसा धोका नाही असं मला सुरुवातीला वाटायचं. मग सतार थांबायची. वादकांपैकी कुणीतरी सिंथेसायझरवर कोपर टेकून झोपी जायचा आणि तो एकच सूर लांबत राहायचा. पतंग तारेत अडकायचा. मुलगा खांबाकडे बघायचा. खांबावर लाल कवटी, खाली हाडांची फुली आणि ४४० व्होल्ट. ही कवटी पडद्यावरच राहिली असती तर काही म्हणणं नव्हतं. पण ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीवरही होती आणि दूध आणायला तिच्यासमोरूनच जावं लागे.

कुत्र्याचीही एक फिल्म होती. तिच्यात कुत्रं चावताना दाखवलेलं नव्हतं. नुसतं कुत्रं, मग मुलाचा चेहरा, मग सुई. बाकीचं काम गल्लीतली मुलं करत. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हा आकडा आम्हाला बे एके बेच्या आधी पाठ होता. पुढे कळलं की तो अगदीच हवेतला नव्हता. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस खरोखरच पोटात, रोज एक याप्रमाणे टोचत आणि आपल्याकडे २००५ च्या सुमाराला ती बंद झाली. एवढं मात्र खरं, की आमच्या गल्लीतल्या मोत्याला त्या काळात जेवढा मान मिळाला तेवढा एखाद्या नगरसेवकालाही मिळाला नसेल. आम्ही त्याला वाट देत असू, बिस्किट देत असू आणि तो जाईपर्यंत हात बांधून उभे राहत असू.

स्टोव्हच्या फिल्मबद्दल हसत लिहिणं जरा अवघड आहे. स्टोव्हला पंप मारणारी बाई, नायलॉनचा पदर, आणि स्वयंपाक करताना सुती साडी नेसा असा सल्ला. आई हे बघताना काही बोलत नसे. त्या वर्षांत पेपरात दर चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या नव्या सुनेच्या अंगावर स्टोव्ह भडकत असे. सासूच्या अंगावर तो कधी भडकत नाही, हे आजीने एकदा नुसतं बोलून दाखवलं होतं. त्यातला अर्थ मला फार उशिरा लागला. फिल्ममध्ये दोष पदराचा होता. असो.

सगळ्यात जास्त परिणाम केला तो बेवारस वस्तूंनी. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बाँब फुटले आणि त्यानंतर टीव्हीवरून सांगू लागले, की अनोळखी वस्तूला हात लावू नका. ट्रान्झिस्टर, खेळणं, डबा, ब्रीफकेस. कॅमेरा त्या वस्तूकडे असा हळूहळू सरकायचा, की रिकाम्या बाकावरचा जेवणाचा डबासुद्धा आपल्याकडे डोळे वटारून बघतोय असं वाटावं. आमच्या डब्याच्या झाकणावर बाबांचं नाव कोरलेलं होतं. तरी आजी तो उघडण्याआधी हलवून, कानाला लावून बघायला लागली.

आणि एका संध्याकाळी आमच्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्यालगतच्या बाकावर, खरोखरच एक ट्रान्झिस्टर सापडला. एकटा. एरियल वर काढलेली. मजल्यावरची सगळी माणसं सुरक्षित अंतरावर गोळा झाली. हे सुरक्षित अंतर सहा फुटांचं होतं, कारण गॅलरीच तेवढी होती. पोलिसांना कळवावं असं बाबांचं मत पडलं, पण फोन फक्त तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे होता आणि तिथे जायचं तर बाकावरून जावं लागणार. तेव्हा आजी पुढे झाली. दूरदर्शनवरची एकही सूचना तिने वाया घालवलेली नव्हती. गॅसच्या फिल्ममध्ये खिडक्या उघडायला सांगितलं होतं, म्हणून तिने आधी सगळ्या घरांच्या खिडक्या उघडायला लावल्या. वीज मंडळाने मेन स्विच बंद करायला सांगितलं होतं, म्हणून मजल्यावर अंधार केला. आणि दिवाळीच्या फिल्ममध्ये फटाके उडवताना पाण्याची बादली जवळ ठेवायला सांगितलं होतं, म्हणून ती बादली आणून तिने लांबूनच ट्रान्झिस्टरवर रिकामी केली.

ट्रान्झिस्टर वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा होता. आमच्या गॅलरीत स्टेशन नीट लागतं म्हणून ते तो घेऊन खाली आले होते आणि सुपारी आणायला मिनिटभर घरी गेले होते. त्यानंतर तो कधी बोलला नाही. जोशीकाकाही आजीशी पुढची दिवाळी येईपर्यंत बोलले नाहीत. "फुटला तर नाही ना?" एवढंच आजीचं म्हणणं होतं, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पण खरी धडकी भरवायला बाँब लागत नाही, कुत्रंही लागत नाही. नुसता फोटो पुरतो. 'आपण यांना पाहिलंत का?' या नावाखाली हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवत. फोटो, नाव, वय, उंची, रंग, अंगात काय होतं, कुठून गेले. वाचणारी बाई अगदी शांत आवाजात, एकाच लयीत वाचत जायची आणि फोटो बदलत राहायचे. पासपोर्ट फोटोतला माणूस मुळातच हरवल्यासारखा दिसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या काळात घरोघरी फोटो एकच असायचा, तोही लग्नातला किंवा शाळेच्या दाखल्यासाठी काढलेला. त्यामुळे पन्नाशीचे गृहस्थ मुंडावळ्यांतून आपल्याकडे बघत असत. आईने त्याचा पुरेपूर वापर करून घेतला. बाजारात हात सोडला की ती एवढंच म्हणायची, "नेसत्या कपड्यांचा रंग लक्षात ठेव बाबा, सांगावा लागेल." मी खेळायला जाताना अंगातला शर्ट कोणता ते पाठ करून जात असे. उंची माहीत नव्हती म्हणून दाराच्या चौकटीवर खूण करून घेतली. माझ्या भावाला हा कार्यक्रम लागला की पोटात कळ यायची. त्याला स्वतःच्या हरवण्याची काळजी नव्हती. आपला फोटो लागेल आणि त्यात आपण तेल लावून चपटा भांग पाडलेला असेल, आणि तो सगळ्या वर्गाला दिसेल, ही काळजी.

सिनेमाला गेलं तरी सुटका नव्हती. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था १९४८ सालची, आणि प्रत्येक थिएटरने मुख्य चित्रपटाआधी तिचा वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवायलाच हवा, ही परवान्याची अट. दुष्काळ, पूर, कुष्ठरोग, कुटुंबनियोजन. शहाणी माणसं तेवढा वेळ बाहेर वडा खात उभी राहत आणि "सरकार संपलं का?" असं डोअरकीपरला विचारून मगच आत येत. बाबा तिकिटाचे पैसे वसूल करणाऱ्यांतले होते, त्यामुळे आम्ही पहिल्या फ्रेमपासून हजर. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला की मी खुर्चीत खाली सरकायचो. दोन किंवा तीन मुलं पुरेत, असं सरकार आधी म्हणत होतं. माझ्या जन्माच्या सुमाराला त्यातले तीन गेले आणि दोनच उरले. आम्ही भावंडं तीन आणि मी तिसरा. बाकीच्या मुलांना त्या फिल्ममध्ये धोके दिसत. मी स्वतःच धोका होतो.

त्या संस्थेत काही अचाट माणसंही काम करत होती, हे मोठेपणी कळलं. प्रमोद पती यांची १९६८ ची 'एक्सप्लोरर' परवा बघितली. भराभर बदलणारी चित्रं आणि इलेक्ट्रॉनिक किंचाळ्या. जगभरचे अभ्यासक तिला प्रयोगशील म्हणतात आणि ते बरोबरच असणार. पण जितेंद्रचा पिक्चर बघायला कुणी पोराबाळांसह आलं असेल आणि त्याआधी हे लागलं असेल, तर त्याचं काय झालं असेल याचा विचार करून मला अजून हसू येतं.

आता या सगळ्यावर उतारा. इथे माझं माझ्या वयाच्या बहुतेकांशी पटत नाही. जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की लोक 'चिमणराव'चं नाव घेतात. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आम्हीही पोट धरधरून हसायचो, वाद नाही. कुणी 'गजरा' म्हणतात, कुणी तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. पण हे सगळं आनंदाचं खातं झालं. भ्यालेल्या मुलाला करमणूक लागत नाही. तारेला चिकटलेला पतंग डोळ्यांसमोर असताना गुंड्याभाऊने कितीही गंमत केली तरी मन त्याच्या डोक्यावरून जाणारी वायर शोधत राहतं. त्या वेळी पाहिजे तो कंटाळा. भरभक्कम, अधिकृत, सरकारमान्य कंटाळा. आणि तो द्यायचा 'आमची माती आमची माणसं'.

आमच्याकडे माती अशी तुळशीच्या कुंडीत होती, तेवढीच. पण संध्याकाळी तो कार्यक्रम लागला की अख्खं घर त्याच्यापुढे बसे, कारण टीव्ही लावलेला असताना बंद करणं म्हणजे वीज वाया घालवणं असं आजीचं गणित होतं. पडद्यावर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर प्लास्टिकची फुलं. एका खुर्चीत विचारणारे, दुसरीत राहुरीचे नाहीतर अकोल्याचे, परभणीचे, दापोलीचे तज्ज्ञ. सफारी, खिशाला दोन पेनं. विचारणारे म्हणायचे, कपाशीवर बोंडअळीचा प्रादुर्भाव झालेला आहे. तज्ज्ञ मान डोलवायचे. घाई नाही, सिंथेसायझर नाही. पुढचा प्रश्न, मग शेतकरी बंधूंनी काय करावं? आणि तज्ज्ञ सांगायचे, अमुक औषध इतके मिलिलिटर, दहा लिटर पाण्यात, वारा शांत असताना फवारावं.

तिथेच माझी छाती हलकी व्हायची. जगात अशी एक जागा होती जिथे प्रत्येक संकटाला मात्रा ठरलेली होती. मावा, तुडतुडे, करपा, भुरी, काहीही येवो, दहा लिटर पाण्यात ते विरघळत होतं. गॅसच्या फिल्ममध्ये असं कुणी बसून, पाय खुर्चीखाली घेऊन, सावकाश सांगितलं नव्हतं. बाबा मंत्रालयात कारकून, सात पिढ्यांत कुणी नांगर धरलेला नाही, पण तेही डायरीत मात्रा लिहून घ्यायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा कुठल्यातरी प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळतंय, तर ते टिपून ठेवावं, एवढंच. आजीने मात्र प्रत्यक्ष उपयोग केला. निंबोळ्या वाटून, भिजत घालून, गाळून तिने तुळशीवर फवारल्या. त्या वासाने आम्ही आठवडाभर गॅलरीत गेलो नाही. जोशीकाकांनी तेव्हा वरून खाली डोकावून फक्त रेडिओ आत घेतला. नवीन होता.

मोठेपणी कळलं, की घाबरवण्यात आपलं सरकार मवाळच म्हणायचं. हे कळलं निखिलमुळे. निखिल माझा आतेभाऊ. आत्याचे यजमान डॉक्टर. सत्तर सालच्या आसपास ते ब्रिटनला गेले, तिकडच्या सरकारी दवाखान्यात लागले आणि लेस्टरला राहिले. निखिल तिकडेच वाढला. त्याला मराठी उत्तम येतं, फक्त ते त्याने एकट्या आत्याकडून उचललं असल्यामुळे सहा फुटी, दाढीवाला हा इसम आश्चर्य वाटलं की "अगंबाई" म्हणतो. एका लग्नासाठी तो पुण्याला आला होता. जेवणं झाल्यावर गच्चीत गप्पा रंगल्या आणि मी त्याला आमची बादली, कुत्रं, कवटी असं सगळं रंगवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग दया आल्यासारखं हसला आणि फोन काढला.

पहिली फिल्म १९७३ ची, दीड मिनिटाची. धुकं, डबकं, आणि काठावर डोकं झाकलेला काळा झगा. आत तोंड नाही. आवाज डोनाल्ड प्लेझेन्स यांचा, म्हणजे जेम्स बाँडच्या चित्रपटात मांजर कुरवाळणारा खलनायक झालेले तेच. हा झगा म्हणजे पाण्यात बुडवणारा मृत्यू, आणि तो मुलांची वाट बघत उभा असतो. शेवटी शहाणी मुलं येतात, झगा गळून पडतो, पण आवाज जाता जाता परत येण्याची धमकी देतो. "ही कार्टूनच्या मध्ये लागायची," निखिल म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो. मी आंघोळ सोडली."

दुसरी १९७७ ची, 'अपाचीज'. हिला शाळेत बसवून दाखवत. सहा मुलं शेतावर खेळायला जातात आणि एकेक करून मरतात. एक ट्रेलरखाली, एक शेणाच्या रबड्यात बुडून, एक विष पिऊन. पाच जातात. शेवटी, अशा अपघातांत खरोखर गेलेल्या मुलांची यादी येते. त्याच वर्षी तिकडच्या रेल्वेने 'द फिनिशिंग लाइन' काढली. रुळांवर शाळेचा क्रीडामहोत्सव भरलाय, बँड वाजतोय, आणि स्पर्धा काय, तर गाडीसमोरून धावायचं. जखमी मुलांना रांगेत आणून ठेवतात. एवढा आरडाओरडा झाला, की १९७९ साली ती मागे घ्यावी लागली.

मी गप्प बसलो. मी पाहिलेल्या फिल्ममध्ये शेवटच्या क्षणाला पँटीत शर्ट खोचलेले एक काका येऊन मुलाचा हात धरत. रागावत, समजावत, आणि मुलगा "चुकलं काका" म्हणत असे. मरायला कुणाला परवानगी नव्हती. त्यासाठी बहुधा वरून मंजुरी लागत असावी. ब्रिटिशांनी आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, तेव्हा त्यांच्याबद्दल अनेक गोष्टी मनात होत्या, पण स्वतःच्या पोरांशी ते असं वागत असतील याची कल्पना नव्हती. मला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांचं भय शेतात राहत होतं. जिथे मी सावलीला जाऊन बसायचो, तिथे त्यांच्याकडे पोरं मरत होती.

"मग शांत कशाने व्हायचास?" मी विचारलं. त्याने बॅगपुस दाखवला. १९७४ ची मालिका, फक्त तेरा भाग, पण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवलेली. गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा, कापडी, पेंगुळलेला बोका. एमिली नावाची मुलगी हरवलेल्या, मोडक्या वस्तू रस्त्यातून उचलून आणते. बोका जागा होतो, त्याचे सवंगडी ती वस्तू पुसूनपासून, सांधून, दुकानाच्या काचेत ठेवतात, म्हणजे ज्याची असेल त्याने न्यावी. मग बोका जांभई देतो आणि सगळे झोपतात. निखिलचे डोळे पाणावले होते. मला मात्र राहवेना. रस्त्यातली बेवारस वस्तू उचलायची? घरी आणायची? काचेत मांडायची? आजी असती तर तिने आधी खिडक्या उघडल्या असत्या आणि मग त्या बोक्यावर बादली ओतली असती.

असल्या फिल्म काढणारं ब्रिटिश सरकारचं खातं २०१२ साली बंद झालं. आपल्याकडे धंदा चालू आहे, फक्त सामान बदललं. वडाळ्याजवळ रूळ ओलांडणाऱ्यांसाठी गाडीखाली सापडत असलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून लावला होता. २०१९ साली पश्चिम रेल्वेने गदा घेतलेला यमराजच रुळांवर उतरवला, आणि तो लोकांना खांद्यावर टाकून फलाटावर आणून सोडत होता. लोकांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले. यमाचा इतका अपमान पुराणांतही झाला नसेल.

आणि मग २०२०. मार्च महिन्यात कुणालाही फोन लावला की पलीकडून आधी कुणीतरी खोकायचं. नंतर सूचना. आत्याला भारतातून कुणी फोन करत नाही अशी तिची तक्रार होती. कुणी नंबर फिरवला तरी खोकल्याशी बोलून फोन खाली ठेवत असणार. त्याच महिन्याच्या २८ तारखेला दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा सुरू केलं. मी घरात मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर वरळीचा तोच अधिकारी!" आधी घाबरवा, मग निववा. कृती तीच, फक्त बोंडअळीच्या जागी रावण घातला होता. शेजारीपाजारी भाविकपणे बसले. मला त्याचा गुण आला नाही. युद्ध, वियोग, अग्निपरीक्षा. यात निववण्यासारखं काय आहे?

म्हणून मी डीडी किसान लावलं. २०१५ पासून ही वाहिनीभर शेती चालू आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. रोज रात्री जेवण झालं की मी त्याच्यासमोर. मुरघास कसा करावा, शेळ्यांना जंताचं औषध कधी पाजावं, म्हशीला दगडी झाली तर कास कशी धुवावी. मास्क, सॅनिटायझर, आकडे सगळं दाराबाहेर. पहिल्या आठवड्यात बायको काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "आपल्याकडे म्हैस येणारे का? नाही, जागेचं बघावं लागेल." मी तिला हात करून गप्प केलं, कारण मात्रा सांगत होते. बाबांची डायरी सापडली नाही, म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतली.

जूनच्या शेवटी ब्रिटनमध्ये पहिला स्थानिक लॉकडाऊन लेस्टरला लागला. बाकी देश उघडत होता आणि निखिलचं गाव बंद. त्या रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, तेव्हा मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टीव्हीच्या दिशेने वळवला. पडद्यावर गोठा होता. मालक उभा, पशुवैद्यक वाकून म्हैस तपासताहेत, मागे शेणाचा खड्डा, त्याच्या कडेला मालकाची दोन पोरं खेळताहेत. निखिलला हिंदी बेताचं समजतं, पण तो डोळे विस्फारून बघत होता. पोरं हलली की तो पुढे वाकायचा. खड्डा दिसला की श्वास रोखायचा. शेवटी त्याला धीर धरवेना.

"अगंबाई, दादा," तो म्हणाला, "यातलं आधी कोण मरतं?"

"कुणी मरत नाही रे," मी म्हटलं. "डॉक्टर लस टोचणार, मालक आभार मानणार, मग हवामान."

त्याचा विश्वास बसायला पाच मिनिटं लागली. लस टोचून झाली. मालकाने आभार मानले. पोरं खड्ड्यापासून लांब, गोठ्याच्या दाराशी जाऊन बसली. निखिलने उशी ओढून घेतली, टेकून बसला, आणि म्हैस दोन्ही वेळचं मिळून दूध किती देते ते मला विचारलं.